शाळेच्या संगणककक्षासाठी विंडोज, लिनक्स की मॅक? औसा तालुक्यातील बारा जुन्या संगणकांचा प्रश्न

मांजराकाठ (धागालेखक)

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो आणि गेली नऊ वर्षे संगणककक्षाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. कक्षात बारा संगणक आहेत आणि ते सगळे २०१५ साली एकदम घेतलेले आहेत. प्रत्येकात चौथ्या पिढीचा इंटेल आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क आहे, आणि आजवर ते विंडोज १० वर चालत आले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. आमची यंत्रे या दोन्ही अटींत बसत नाहीत, जरी ती अजून व्यवस्थित सुरू होतात आणि नववीच्या मुलांना पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे धडे देण्याइतकी सक्षमही आहेत.

माजी विद्यार्थ्यांनी मिळून ६० हजार रुपये जमवून दिले आहेत. गावातल्या लोकांनी घाम गाळून दिलेला हा पैसा आहे, म्हणून तो कुठे लावावा याचा निर्णय घाईने घ्यायचा नाही. सुचलेले मार्ग असे: याच रकमेत दोन-तीन नवे विंडोज संगणक घ्यावेत आणि बाकीचे मोडीत काढावेत; किंवा जुन्या बाराही यंत्रांवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी; किंवा कुणी म्हणतात तसे ॲपलचे एखादे मॅक घेऊन वर्षानुवर्षे निश्चिंत राहावे. ज्यांनी या तिन्ही प्रणाली प्रत्यक्ष वापरल्या आहेत त्यांनी अनुभवाने सांगावे, ही विनंती. मराठी टंकलेखन, वारंवार जाणारी वीज आणि मुलांचे पेनड्राइव्ह, या आमच्या रोजच्या तीन अडचणी आहेत. त्यांच्या अंगाने उत्तर मिळाले तर अधिक उपयोग होईल.

खामकाठ

सर, मी छत्रपती संभाजीनगरला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत अशाच वयाच्या यंत्रांवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते. मिंट २२ ही उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभी असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असली तर काम सुखाने होते. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो: संगणक मंद वाटण्याचे खरे कारण बहुतेक वेळा प्रणालीत नसून फिरत्या हार्डडिस्कमध्ये असते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर विखुरलेल्या शेकडो छोट्या फाइली वाचायच्या म्हणजे वाचणाऱ्या सुईला सतत इकडून तिकडे धावावे लागते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवण करणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. बाराही यंत्रांत २५६ जीबीची एसएसडी घाला आणि जमल्यास जुन्या बाजारातून रॅमची आणखी एक पट्टी लावा. आमच्याकडे प्रत्येकी अडीच-तीन हजारांत हे काम झाले होते.

विंडोज ११ अटी चुकवून बसवण्याच्या युक्त्या दुकानदार सांगतील. त्या चालतातही, परंतु अपात्र यंत्रांना पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हा त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांचे संगणक बळी पडले. त्यामुळे अपडेट न मिळणारे यंत्र इंटरनेटला जोडून मुलांच्या हाती देणे मला पटत नाही.

शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर जाणे हा नवा प्रयोगही नाही. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर शिकवत आहेत, आणि आपल्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये डेबियन या लिनक्सवर आधारित बॉस ही प्रणाली दिली.

गोदातीर

खामकाठ सरांशी मी निम्माच सहमत आहे. नांदेडला माझे छपाईपूर्व कामाचे दुकान आहे; लग्नपत्रिका, संस्थांची वार्षिके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका यांवर वीस वर्षे पोट चालले आहे. लिनक्स चांगले की विंडोज चांगले, हा वाद मी कितीतरी वर्षांपासून वाचतो आहे, पण त्यात मराठी माणसाची खरी अडचण क्वचितच मांडली जाते. आपले जुने मराठी लेखन कोणत्या फॉन्टमध्ये अडकले आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र पोहोचण्यापूर्वी जे मराठी फॉन्ट आले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते. पडद्यावर ‘स्थिती’ दिसत असे, परंतु फाइलमध्ये चार-सहा इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळी गिचमिड दिसते. त्या फॉन्टांबरोबर मिळणारे कीबोर्डचे प्रोग्राम विंडोजसाठी बनलेले, कित्येकांना कुलूपवजा हार्डवेअर लॉक. पाने मांडण्याच्या पेजमेकर या प्रोग्रामची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तीही विंडोज आणि जुन्या मॅकपुरती. चित्रे आणि पत्रिका बनवण्याचे कोरलड्रॉ आज विंडोज आणि मॅकवर मिळते, लिनक्सवर मिळत नाही. माझ्याकडे २००४ पासूनच्या हजारो फाइली अशा आहेत. मला लिनक्सचा राग नाही. पण उद्या सकाळी गिऱ्हाईक मागच्या वर्षीचे वार्षिक घेऊन आले तर मला ते उघडून द्यावेच लागते.

तेव्हा मांजराकाठ सर, शाळेत जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, दाखल्यांचे नमुने किती आहेत, ते आधी मोजा. पैसा कुठे लावायचा हे त्यानंतर ठरेल.

तेरणा

मी धाराशिवला राहते आणि घरूनच चित्रफितींचे संपादन करते. माझ्याकडे २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम१ चिपचे मॅकबुक एअर आहे आणि त्याविषयी मला मनापासून आपुलकी आहे. त्यात पंखा नाही, आवाज नाही, आणि वीज गेली तरी दिवसभराचे काम बॅटरीवर निघते. उन्हाळ्यात दुपारी तासन्‌तास वीज नसते तेव्हा शेजारच्या दुकानातले डेस्कटॉप मुकाट बसलेले असतात आणि माझे काम चालू असते.

तरीही, सर, शाळेसाठी मी मॅक सुचवणार नाही. १६ जीबी रॅमची एम४ मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांना आली. म्हणजे तुमच्या सगळ्या रकमेत एक यंत्र येईल, त्याला पडदा आणि कीबोर्ड वेगळा घ्यावा लागेल, आणि पन्नास मुले त्या एका यंत्राभोवती उभी राहतील. त्यातली रॅम चिपमध्येच असल्याने नंतर वाढवता येत नाही. आणखी एक गोष्ट फारसे कुणी सांगत नाही: ॲपलच्या कागदपत्रांत मॅकबुक चालवण्यासाठीचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस दिलेले आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ वर जातो. पंखा नसल्यामुळे यंत्र तापले की ते स्वतःचा वेग कमी करते. मी दुपारी बारा ते चार या वेळेत लांबलचक चित्रफीत तयार करायला लावतच नाही, ते काम पहाटे करते. पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात याचा विचार करावा लागेल.

कुणी स्वस्तात जुने इंटेल प्रोसेसरचे मॅकबुक देऊ केले तर तेही घेऊ नका. ॲपलने २०२५ मध्येच जाहीर केले आहे की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे.

दुधना

मी परभणी जिल्ह्यात सेलूजवळ सेवा केंद्र चालवतो. बोटांचे ठसे घेणारे उपकरण, डिजिटल सहीचे टोकन, पासबुक छापणारा प्रिंटर ही माझी रोजची हत्यारे आहेत, आणि माझ्या उपकरणांसोबत आलेले ड्रायव्हर विंडोजचेच होते. हिशेबाचे टॅलीप्राइमही विंडोजसाठीच बनते. म्हणून माझ्या केंद्रात विंडोज राहणार, त्यात वादाला जागा नाही. शाळेचे तसे नाही. यू-डायसवर शाळेची माहिती भरण्यासारखी कामे ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच आहे. पूर्वी काही सरकारी संकेतस्थळे केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट चालत. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये तो ब्राउझरच निवृत्त केला आणि ती बेडी तुटली.

एक अनुभव सांगून ठेवतो. केंद्र सुरू केले तेव्हा ज्या दुकानातून संगणक घेतला त्याने विंडोजची कुलूप फोडलेली प्रत टाकून दिली आणि मला ते सांगितलेही नाही. अपडेट बंद करून ठेवलेली, विषाणूरोधक बंद. सहा महिन्यांत पेनड्राइव्हमधून आलेल्या विषाणूने सगळी फोल्डरे दिसेनाशी केली आणि एका हंगामाच्या पीकविमा अर्जांच्या पावत्या मला पुन्हा गोळा कराव्या लागल्या. शेतकरी बांधवांना दुसऱ्यांदा खेटे घालायला लावल्याचे मला आजही वाईट वाटते. विंडोज घ्यायचे तर परवान्यासह घ्या; ती किंमत यंत्राच्या किंमतीत धरूनच हिशेब करा.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. गोदातीर यांनी सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. कार्यालयात आणि कक्षात मिळून ४१२ मराठी दस्तऐवज निघाले. त्यांपैकी २८७ जुन्या फॉन्टांत आहेत, तेही तीन वेगवेगळ्या फॉन्टांत, कारण दर काही वर्षांनी लिपिक बदलले आणि प्रत्येकाने आपल्या सवयीचा फॉन्ट आणला. बाकीचे युनिकोडमध्ये आहेत.

दरम्यान एका संगणकात एसएसडी घालून मिंट बसवले. पूर्वी सुरू व्हायला चार मिनिटे घेणारे यंत्र आता अर्ध्या मिनिटात कामाला लागते. परंतु दोन अडचणी लगेच समोर आल्या.

पहिली अशी: आठवीची सहामाहीची प्रश्नपत्रिका वर्डमध्ये मंगल फॉन्टमध्ये केलेली होती आणि बरोबर दोन पानांत बसत होती. मिंटवर वर्डच्या जागी चालणाऱ्या मोफत लिब्रेऑफिसमध्ये उघडताच ती तिसऱ्या पानावर गेली. प्रश्न तिसरा एका पानावर आणि त्याची आकृती दुसऱ्या पानावर. फॉन्टचे नाव वरच्या पट्टीत बदलून पाहिले, तरी बाहेरून आणलेल्या काही मजकुरावर परिणाम होईना.

दुसरी अडचण मुलांची. एका मुलीने आपला प्रकल्प पेनड्राइव्हवर घेतला, पडद्यावर काम किती झाले ते दाखवणारी पट्टी पूर्ण भरलेली दिसली म्हणून पेनड्राइव्ह काढला, आणि घरी गेल्यावर फाइल शून्य बाइटची निघाली. ती रडवेली होऊन आली तेव्हा मलाच अपराधी वाटले. विंडोजवर आम्ही असे वर्षानुवर्षे सर्रास काढत आलो आहोत. हा लिनक्सचा दोष म्हणावा का?

खामकाठ

सर, दोन्ही प्रश्न नेमके आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मंगल हा फॉन्ट विंडोज २००० पासून विंडोजबरोबर येत आला आणि त्याचा परवाना मायक्रोसॉफ्टचा आहे, त्यामुळे लिनक्समध्ये तो मुळात नसतो. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो देवनागरी वापरला जातो आणि त्यांच्या ओळीची उंची वेगळी आहे. दर ओळीला केसभर फरक पडला तरी चाळीस ओळींनंतर तो अर्ध्या इंचाचा होतो. विशेष म्हणजे विंडोज १० पासून स्वतः मायक्रोसॉफ्टनेच मंगलला पर्यायी फॉन्टांच्या यादीत टाकले, तेव्हा एका विंडोज यंत्रावरून दुसऱ्यावर नेतानाही असे घडू शकते. उपाय एकच: शाळेपुरता एक मोफत देवनागरी फॉन्ट ठरवा, तो सर्व यंत्रांवर बसवा आणि छापायला पाठवायची प्रत पीडीएफ करूनच पाठवा. फॉन्ट बदलला जात नव्हता त्याचेही कारण आहे. लिब्रेऑफिस देवनागरीला संमिश्र लिप्यांत धरते आणि तिचा फॉन्ट व आकार रोमन अक्षरांपासून वेगळे ठेवते. ‘फॉरमॅट’मधून ‘कॅरेक्टर’च्या खिडकीत गेल्यास संमिश्र लिपीचा फॉन्ट स्वतंत्र दिसतो, मूळ शैलीतच तो एकदा बदलून ठेवा म्हणजे दर वेळी धावपळ होणार नाही.

पेनड्राइव्हविषयी: लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये ठेवते आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरवते. पट्टी भरली याचा अर्थ मजकूर रॅमपर्यंत पोहोचला, पेनड्राइव्हपर्यंत पोहोचलाच असे नाही. विंडोज १० ने २०१८ च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘झटपट काढण्याची’ रीत मूळ सेटिंग केली, म्हणून तिथे बहुधा निभावते. दोष म्हणण्यापेक्षा ही कामाची रीत वेगळी आहे. पण नवख्या मुलांच्या दृष्टीने विंडोजची रीत अधिक सोयीची आहे, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. ‘इजेक्ट’ दाबून सूचना येईपर्यंत थांबायला शिकवावे लागेल.

वीज जाण्याच्या बाबतीत तिन्ही प्रणाली आता जवळपास सारख्याच भरवशाच्या आहेत. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या दोन्ही फाइलव्यवस्था बदल करण्यापूर्वी त्याची नोंद वहीत ठेवतात, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी व्यवस्था सहसा कोलमडत नाही. ॲपलची एपीएफएस वेगळ्या मार्गाने तेच साधते. पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ मध्ये मात्र अशी नोंदवही नसते. न जतन केलेला निबंध कोणतीही प्रणाली हमखास परत देईल असे नाही. त्याला यूपीएसच हवा.

गोदातीर

२८७ फाइलींविषयी. रूपांतराचे मोफत प्रोग्राम मिळतात, परंतु प्रत्येक जुन्या फॉन्टचा नकाशा, म्हणजे कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणता आकार ही यादी, वेगळा, म्हणून आधी फाइली फॉन्टनुसार वेगळ्या करा. मग चुका कुठे होतात ते लक्षात ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये आपण डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टंकायचो: ‘स्थिती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग स, मग थ. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो: स, हलन्त, थ आणि त्यानंतर वेलांटी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते, आणि जोडाक्षर तीन व्यंजनांचे असेल तर तो हमखास अडखळतो. रफाराचे याच्या उलट: ‘वर्षा’मधला रफार आपण शेवटी टंकायचो, युनिकोडला तो ष च्या आधी हवा.

मराठीची खास अडचण म्हणजे अर्धा र. ‘शेतकऱ्यांची’, ‘दऱ्या’, ‘सुट्टीवर जाणाऱ्या’ हे शब्द दोन रीतींनी लिहिता येतात: युनिकोडमधला स्वतंत्र ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण अनेक प्रोग्रामांत एक शोधले की दुसरे सापडत नाही. ‘ॲ’चेही तेच आहे. तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचे लेखन अ वर चंद्र चढवून केलेले असते.

दुधना

गोदातीर दादा, तुम्ही माझे कोडे सोडवले. लाभार्थ्यांच्या यादीत ‘शेतकऱ्या’ हा शब्द शोधला की निम्म्याच ओळी सापडायच्या आणि मी संगणकालाच दोष देत होतो. निम्मी यादी मोबाइलवर टंकलेली होती.

तेरणा

यात एक दिलासा आहे. युनिकोडमधले इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीचे टंकलेखन तिन्ही प्रणालींत मिळते आणि मुख्य अक्षरांच्या जागा त्याच राहतात. लिनक्समध्ये भारतीय मांडण्यांत ‘मराठी’ निवडा, विंडोजमध्ये ‘मराठी’, मॅकमध्ये ‘देवनागरी’. क ची कळ सगळीकडे के, त ची कळ एल. विंडोज आणि लिनक्सवर शिफ्ट धरून जे दाबले की ऱ, मग हलन्तासाठी डी, मग य. मुलांना हीच बोटांची सवय लावली तर उद्या पुण्याला किंवा कुठेही कोणत्याही यंत्रापुढे बसले तरी हात अडणार नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय मोबाइलमुळे लागलेलीच आहे. शाळेने तिच्यावर वेळ घालवू नये असे मला वाटते.

मांजराकाठ

दोन महिन्यांनी लिहितो आहे. आम्ही असा निर्णय घेतला: दहा संगणकांत एसएसडी आणि वाढीव रॅम घालून मिंट बसवले. अकरावे यंत्र विंडोज १० वरच ठेवले आहे, परंतु त्याचे इंटरनेट कायमचे काढून टाकले आहे. जुने फॉन्ट आणि हार्डवेअर लॉक त्यालाच लावलेले असतात आणि ते केवळ रूपांतरासाठी आहे. बाराव्याचा मदरबोर्ड तपासणीत खराब निघाला, त्याची रॅम दुसऱ्याला उपयोगी पडली. उरलेल्या पैशांत कार्यालयासाठी परवान्यासह विंडोज ११ असलेला एक जुना पण पात्र, आठव्या पिढीचा लॅपटॉप आणि कक्षासाठी एक मोठा यूपीएस घेतला. कार्यालयाची गरज दुधना यांच्यासारखीच आहे, हे मुख्याध्यापकांच्या डिजिटल सहीने पहिल्याच आठवड्यात दाखवून दिले.

पेनड्राइव्हची सवय लागायला पंधरा दिवस गेले. आता मुलेच एकमेकांना ‘थांब, अजून सूचना आली नाही’ असे बजावतात.

२८७ पैकी १६३ फाइली युनिकोडमध्ये आणून झाल्या आहेत. नववीतली सहा मुले शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थांबतात. एक जण जुन्या यंत्रावरून छापलेला कागद वाचतो, दुसरा नव्या यंत्रावर तपासतो. गेल्या शनिवारी २००९ सालची भूगोलाची प्रश्नपत्रिका हाती होती. ‘मराठवाड्यातील दऱ्याखोऱ्यांची वैशिष्ट्ये लिहा’ या ओळीत रूपांतराने दोन्ही ठिकाणी साधा र ठेवला होता आणि ‘वैशिष्ट्ये’मधली वेलांटी ट वर जाऊन बसली होती. मुलांनी ती ओळ स्वतः दुरुस्त केली. शोधचौकटीत ‘दऱ्या’ टंकून ती सापडते का, हेही पाहिले. सापडली. आणखी १२४ फाइली बाकी आहेत. तिसऱ्या फॉन्टचा नकाशा कुणाकडे असेल तर कृपया कळवावे.